कवडीचा लेक

इंदूबाईनं सूप आणलं होतं, नवं कोरं. त्यात मूठभर तांदूळ, हळदकुंकू आणि एक कवडी. रामटेकच्या एस.टी.तून हे सगळं पदराखाली झाकून ती नागपुरातल्या इंदोऱ्यापर्यंत आली होती. बायजाबाईच्या खाटेवर ती बसली, जेमतेम टेकली म्हणा ना, आणि सूप तिनं दोघींच्या मधे ठेवलं. तिच्याबरोबर आलेला तिचा मुलगा कवडू दाराबाहेरच लिंबाखाली उभा राहिला.

"बायजाबाई, पोरगं परत न्याले आली," इंदूबाई म्हणाली.

बायजाबाईला आधी त्या 'बाई'चीच गंमत वाटली. गावात तिनं जन्मभर सुईणपण केलं, अर्ध्या गावाची नाळ कापली, पण इंदूबाईच्या घरानं तिला 'बायजे'पलीकडे कधी हाक मारली नव्हती. आता गरज पडली, तर नावाला शेपूट फुटलं.

गरज खरीच होती. इंदूबाईची पहिली दोन पोरं बारशाआधीच गेली. म्हणून तिसरा झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवला, आणि बायजाबाईनं एक कवडी टाकून त्याला विकत घेतला. मग तिनंच तो इंदूबाईच्या ओटीत दिला. पोर माझं, तुम्ही नुसतं पोसा, असं म्हणून. मरण इंदूबाईचं पोर शोधत आलं तर त्याला ते सापडू नये, एवढाच त्यातला डाव. पोर जगलं. त्याचं नाव पडलं कवडू. लग्नाआधी आईनं त्याला परत विकत घ्यायचा आणि मगच चांगलं नाव ठेवायचं, अशी रीत होती.

बायजाबाईची स्वतःची कूस कधी उजवली नाही. दर दिवाळीला कवडू तिच्या अंगणात सुपातून तांदूळ घेऊन यायचा, ठेवायचा आणि पळत सुटायचा. रीतीप्रमाणे त्यानं तिला 'माय' म्हणायला हवं होतं. तो लाजत असेल, किंवा घरून कोणी सांगितलंच नसेल. तरी ती वर्षभर त्या दिवसाची वाट पाहायची. मग छप्पन साली तिनं दीक्षा घेतली, गाव सोडून भावाकडे नागपुरात आली, आणि त्या पोराचं येणं तिथंच थांबलं. त्यालाही आता दहा वर्षं होत आली होती.

"मुलीकडचे शिकलेले आहेत," इंदूबाई सांगत होती. "पत्रिकेत कवडू कसं छापाचं, म्हणते. मनोहर ठेवून राहिलो आमी. पण तू सोडल्याबिगर नाव कसं बदलाचं? त्याले काही झालं म्हणजे?"

"आमी हे समदं टाकलं, इंदूबाई. माह्या भावाचं नाव उकंड्या होतं, आता धर्मपाल आहे. त्याची पोरगी कचरी होती, आता सुजाता. कोणाले सुपात घातलं नाई, कोणाले पुसलं नाई. तुमी बी ठेवा मनोहर. मी काही घेत नाई अन् काही विकत नाई."

बोलणं खरं होतं, दीक्षेला धरून होतं. पण बोलता बोलता तिच्या मनात काहीतरी गोड पसरत गेलं, आणि ते तिचं तिलाच कळलं. आपण सौदा मानत नाही, तर तो मोडायचा प्रश्नच नाही. आणि मोडला नाही, तर या बाईच्या लेखी पोरगा जन्मभर आपलाच. धम्मही राहतो आणि लेकही राहतो. इतकं सोयीचं काही तिच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं.

इंदूबाईचे डोळे भरले. "तुमच्यात नसन चालत, आमच्यात चालते ना वं. माह्ये दोन गेले. तू पाह्यले आहेत ते."

बायजाबाईनं पाहिले होते. दोघांनाही शेवटची आंघोळ तिनंच घातली होती. तरी तिनं सूप इंदूबाईकडे परत सरकवलं आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं.

बाहेर कवडू कंटाळला असावा. तो दारात आला, वाकून आत पाहिलं, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. तिच्या घरात तो आजवर कधी आला नव्हता. सरळ येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. कानामागचा लाल डाग अजून तसाच होता. जन्मला तेव्हा तो सगळ्यात आधी तिनंच पाहिला होता.

"माय," तो म्हणाला, "सोड ना मले."

हा शब्द ऐकायला तिचा जीव किती वर्षं आसुसला होता. तो आला, आणि आला तो असा. त्याला नाही म्हणणं तिला जमलं नाही.

"ठेव हात," ती म्हणाली.

एवढा मोठा गडी सुपात मावणार कसा? त्यानं नुसता उजवा हात तांदळावर ठेवला. बायजाबाईनं तो उचलला, जरा वेळ आपल्याच हातात राहू दिला, मग इंदूबाईच्या हातात दिला आणि सुपातली कवडी घेतली.

"घ्या, तुमचं पोर."

दोघं निघाली. कवडू नेहमीच्या सवयीनं झपाझप पुढे गेला, इंदूबाई सूप सावरत मागे पडली.

"मनोहर," तिनं हाक मारली. पोरगा चालतच राहिला.

"अरे मनोहर, थांब ना गा." गल्लीतली दोन माणसं वळून बघायला लागली. तो काही वळला नाही. जुनं नाव मात्र, सौदा मोडेल या भीतीनं, इंदूबाई आता मेली तरी घेणार नव्हती.

दारात उभ्या असलेल्या बायजाबाईच्या ओठांवर ते केव्हाचं आलं होतं. एका हाकेत तो वळला असता, तिच्याकडे बघितलं असतं. तिनं मुठीतली कवडी घट्ट आवळली, आणि इंदूबाई धापा टाकत त्याला गाठेपर्यंत तोंड मिटून उभी राहिली.