ओटी कुणाची

माळ्यावर बसलेल्या शेवंताच्या मांडीवर खण आणि नारळ तसाच पडून होता. खाली स्वयंपाकघरात पिठाचे डबे तरंगत होते.

दरसाल पुराचं पाणी पायरीला लागलं की ती नदीची ओटी भरायची. पाणी मग तिथूनच उतरायचं, आणि चढलंच तर सामान हलवायला सवड देऊन चढायचं. यंदा साहेबलोकांनी गावाला न कळवता धरणाचे दरवाजे उघडले. भरल्या ताटावरून उठून माणसं माळ्यावर चढली. गोठ्यातली म्हैस दाव्यालाच बुडाली. तिचं रेकणं शेवंताच्या कानातून जाईना.

दुपारी धरणाचे साहेब बोटीतून पाहणीला आले. माळ्याच्या खिडकीशी बोट थांबवून म्हणाले, "मावशी, धीर धरा. नदीच कोपली, तिच्यापुढं कुणाचं काय चालतं?"

"नदीला नावं ठेवू नका, साहेब," शेवंता म्हणाली. "ती पायरीवर थांबती, मान घेती, मग पुढं सरकती. न सांगता घरात शिरलासा, ते तुम्ही."

तिनं खिडकीतून वाकून खण-नारळ साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"ही ओटी तुमचीच. घ्या, आणि आता माघारी फिरा."