डेटनचे सँडविच

"तिच्यातली एक खोट सांगा," हॅरिएट म्हणाली. "कौतुक काय, सगळेच करतात."

गॅरिकने कॉफीचा कप बाजूला सरकवला. हॅरिएट मूल्यमापनासाठी बॉस्टनहून शिकागोला आली होती. उमेदवारांना न ओळखणाऱ्यानेच त्यांना जोखावे, असा सल्लागार फर्मचा शिरस्ता होता. यंदा भागीदारीची जागा एक होती आणि नावे दोन, गॅरिक आणि इंग्रिड. जो वर चढणार नाही त्याने बाहेर पडायचे, हा नियम दोघांनीही रुजू होतानाच मान्य केला होता.

"खरं सांगू? काळीज नाही हो तिला." गॅरिकने आवाज उतरवला. "डेटनच्या पंपांच्या कारखान्यात आम्ही दोघं होतो. एका म्हाताऱ्या फोरमनला काढायचं होतं. तिथल्या मॅनेजरनं ऐनवेळी अंग काढून घेतलं. मग इंग्रिडनंच सांगितलं. चार वाक्यांत विषय संपवला. तो समोर रडतोय, आणि ही बाई सँडविच खातेय. टर्कीचं."

"आणि तुम्ही?"

"मी गाडीत जाऊन बसलो. बघवेना मला."

"हं," हॅरिएट म्हणाली आणि तिने विषय बदलला.

निकालाच्या दिवशी दुपारी इंग्रिडने त्याला नदीकडच्या लहान खोलीत बोलावले. तिचे डोळे सुजलेले होते. गॅरिकने चेहरा गंभीर केला. सांत्वनाचे वाक्य त्याने सकाळीच जुळवून ठेवले होते.

"हे बघ, बाहेर तुला हातोहात उचलतील."

"मला भागीदार केलंय, गॅरिक."

गॅरिक समोरच्या खुर्चीत बसला.

"हॅरिएट म्हणाली, हुशार माणसं इथं पैशाला पासरी आहेत. डेटनमध्ये मी केलं तसं करणारं माणूस मिळत नाही. तिला म्हणे कुणीतरी सांगितलं." इंग्रिडने दार नीट लागले आहे का ते पाहिले. "मी 'ती मी नव्हेच' असं म्हटलं नाही. मलाही ही नोकरी हवी होती. आता इथून ज्यांना काढायचं, त्यांना मी सांगायचं. पहिला तू."

ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"मला जमत नाहीये रे. मी तर तेव्हा गाडीत रडत बसले होते. तेवढं सांगून जा, ते सँडविच तुझ्या घशाखाली उतरलं कसं?"