गुंड्याची पेटी

"पेटीचा हीटर परत बंद पडलाय," शर्वाणी नवऱ्याला म्हणाली. काच गार होती आणि त्यांचा पाळीव अजगर, गुंड्या, निपचित पडला होता. "कालच खाल्लंय त्याने. ऊब नसेल तर पचणार कसं?"

"बंद नाही पडला," कौस्तुभ म्हणाला. "गुंड्या चिडला की घराची यंत्रणा पेटी गार करते, मग तो सुस्तावतो. मीच शिकवलंय तिला."

"मला न विचारता?" तिचा आवाज चढला. "आणखी काय शिकवलंयस?"

भिंतींतून मंद ऊब येऊ लागली. शर्वाणीचे डोळे जड झाले, दर भांडणात होतात तसेच. आणि कौस्तुभ, दर भांडणात जातो तसाच, बाल्कनीच्या गार हवेत जाऊन उभा राहिला.