स्किडॅडल : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

अर्थ

“स्किडॅडल,” रुचा म्हणाली. “म्हण.”

“स्किडॅडल. म्हणजे?”

“लगबगीने जाणे. ‘हरी अप’ काय, सगळ्याच म्हणतील. तू म्हण, पॅसेंजर्स आर रिक्वेस्टेड टू स्किडॅडल टू गेट नंबर फोर. उडतील ते! आणि ए, कुणाला विचारत बसू नकोस हां. शब्द फुटेल.”

गिरगावच्या चाळीत दोघींची दारं समोरासमोर. शाळा एक, मराठी माध्यमाची. आता अर्जही एकाच नोकरीसाठी, विमानतळावर घोषणा करायची. जागा मात्र एकच.

दर्शनाने वाक्य म्हणून दाखवलं. रुचा खुदकन हसली.

वापर

घरी येऊन दर्शनाने मोबाइलवर शब्द शोधला. अर्थ बरोबर होता. खाली वापर दिला होता : थट्टेत. धूम ठोकणे, घाबरून पळ काढणे.

म्हणजे विमानतळावर, माईकवरून, ‘प्रवाशांनी धूम ठोकावी’.

तिची कानशिलं तापली. म्हणून हसली होती तर. म्हणून कुणाला विचारायचं नव्हतं. बालवाडीपासून एका डब्यात जेवलेली मुलगी.

समोरचं दार उघडंच होतं. जाऊन विचारता आलं असतं.

दर्शनाने आपल्या दाराला कडी लावली आणि ‘प्रोसीड’ पाठ केलं.

वाक्यात उपयोग करा

मुलाखतीच्या दिवशी प्रभादेवीच्या ऑफिसबाहेर दोघी शेजारी बसल्या. रुचाने सिद्धिविनायकाचा पेढा मोडून अर्धा दर्शनाच्या हातावर ठेवला.

“शब्द लक्षात आहे ना?”

“आहे की. मिळाला कुठून गं तुला?”

“अण्णांच्या इंग्रजी-मराठी कोशात. अख्खा एस पालथा घातला. लगबगीने जाणे, बस्स, एवढंच लिहिलंय.”

किती सहज खोटं बोलते, दर्शनाला वाटलं. ती गोड हसली. पेढा तिने रुमालात गुंडाळला.

रुचाला आत बोलावलं. थोड्या वेळाने आतून हशा ऐकू आला. मग आणखी मोठा. संपलं, दर्शनाच्या मनात आलं. हिने जिंकलं त्यांना.

दार उघडलं. रुचाचे गाल लाल झाले होते. तिने दर्शनाचे दोन्ही हात धरले.

“दर्शे, चालला आपला शब्द! एकमेकांना टाळ्या देत होते गं. मी सांगून आलेय, पुढची माझी मैत्रीण आहे, ती माझ्याहून छान म्हणते.”