तारेवरचा हुंकार

प्रेमलतानं फोनचा दांडा गरगर फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कोणीतरी उचलल्याचा खट् आवाज झाला.

"अवो, मी बोलून राहिली. ऐकू येते का?"

"हूं."

हे नेहमीचंच. विनायकराव समोर बसलेले असले तरी एवढंच बोलायचे, मग तारेवर काय वेगळं बोलणार! गोष्ट सांगताना समोरच्यानं हूं द्यायचा असतो. तो देतोय म्हणजे ऐकतोय, आणि ऐकतोय म्हणजे आपलाच आहे, एवढ्यावर प्रेमलताचा संसार सुखात चालला होता.

सौंसरच्या घरापासून संत्र्याच्या बगिच्यातल्या झोपडीपर्यंत ही तार विनायकरावांनी स्वतः ओढली होती, बाभळीबाभळीला बांधत. दोन टोकांना दोन फोन, फौजेतले जुने, नागपूरच्या कबाड्याकडून आणलेले. संत्री तोडणीला आली होती. राखणीला त्यांना तिकडे थांबावं लागे आणि घरी बायको तान्ह्या लेकराजवळ एकटी.

"रस्त्याच्या कडेनं उघडी तार," तेव्हा ती म्हणाली होती. "मधात कोणी आपला फोन जोडला तं?"

"आपल्या गावात कोणाजवळ हाये असा फोन?"

"कबाड्यापाशी तं ढीग होता म्हणता ना?"

"ढिगाले कोण विचारते! तुले बोलायची सोय झाली का नाही?"

त्यांच्या मानानं ते भाषणच होतं. आणि सोय खरंच झाली. लेकराला ताप भरला तेव्हा तिनं दांडा फिरवला आणि विनायकराव सायकल हाणत आले. त्या दिवसापासून तिनं तारेबद्दल वाकडा शब्द काढला नाही.

आज शनिवार. दिवे लागले होते, पण गल्लीत सामसूम होती.

"शेजारचे सारे जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाले गेले," ती म्हणाली. "गल्लीत कुत्रंसुद्धा नाही."

"हूं."

"मागच्या दाराची कडी निखळली. मी पाटा टेकवून ठेवला दाराले. पण तो काय कामाचा, धक्का देला का सरकते."

"हूं."

"मले भेव लागून राहिलं. लवकर या जी."

या वेळी हुंकार जरा थांबून आला.

रिसीव्हर खांद्यात दाबून तिनं पाळण्याची दोरी ओढली. बोलत नसेना का, माणूस कानाशी आहे, याचाच तिला मोठा आधार वाटला. मग ती सांगतच सुटली. लेकरू आज पालथं पडलं. दूध पिऊन हसलं. शेजारच्या कुसुमताईनं त्याच्यासाठी टोपडं शिवलं. प्रत्येक वाक्याला तिकडून हूं येत होता, कुठेही न चुकता. आज किती मन लावून ऐकून राहिले, असं वाटून ती सुखावली.

पुढचं दार वाजलं.

"प्रेमा, उघड."

दार हाताशीच होतं. रिसीव्हर कानाला तसाच ठेवून तिनं कडी काढली. विनायकराव आत आले. कानाला मफलर, काखेत झोपडीतला फोन, त्याची तुटकी तार मागे लोंबत होती.

"दुपारपासून बंद हाये हा," ते म्हणाले. "घरी खोलून पाहतो म्हणून काढूनच आणला. तू फिरवत तं नव्हती ना?"

प्रेमलतानं एका हातानं पाळणा घट्ट धरला. दुसऱ्या हातातला रिसीव्हर अजून कानालाच होता.

तिकडे कोणीतरी श्वास सोडला. मग हळू आवाजात, घरच्या माणसानं म्हणावं तसं म्हणालं,

"आले वाटते."