एका वस्तूचे मनोगत

मागच्या खोलीतून टक-टक आली आणि घराची शांतता मोडली.

पल्लवीची पेन्सिल थांबली. "आई..."

"नळ गळतोय. लिही तू." हर्षालीने पुस्तकातून मान वर केली नाही.

उद्या तिचा एम.ए.चा पेपर. लग्नात सुटलेलं शिक्षण तिने पोळ्या लाटता लाटता, लेकीला थोपटता थोपटता इथवर ओढत आणलं होतं. पास झाली तर कॉलेजात नोकरी. नाहीतर नवरा, किशोर, म्हणणारच, "बास झाले लाड."

समोर एक जुनी अमेरिकन कथा होती. सरांचं बोलणं तिने समासात टिपलं होतं: निवेदक सगळं बाहेरून बघतो, साध्या सुरात सांगतो. आत काय चाललंय, त्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून तर शेवट अंगावर येतो.

"आई, मनोगत कशाचं लिहू?"

"घरातल्या कुठल्याही वस्तूचं. तिला जे दिसतं, ऐकू येतं, तेवढंच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही, सोन्या."

टक-टक. मग काहीतरी घासल्यासारखं.

दारात शेजारच्या कमळाबाई आल्या. "अगं, किशोरचा फोन आलाय आमच्याकडे, मालेगावहून. आईला द्या म्हणतोय."

"सासूबाई दिंडोरीला गेल्यात, काकू. वन्संकडे."

"एकट्या? परवाच तर रविवार कारंज्याच्या चौकात हरवल्या होत्या!"

"वन्सं आल्या होत्या न्यायला."

"बरं झालं बाई. तेवढाच तुला निवांतपणा. सांगते त्याला तसं."

हर्षाली हसली. दार लावून तिने पल्लवीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, केसांवरून हात फिरवला. "शहाणी गं माझी बाय."

दुपार कलली. हर्षालीचं सरावाचं उत्तर झकास जमलं होतं. टक-टक कधी बंद झाली, तिला कळलंही नाही. चहाचं आधण ठेवता ठेवता तिने लाडाने विचारलं, "झालं का मनोगत? वाच बघू."

पल्लवी ताठ बसून वाचू लागली. "मी कडी बोलतेय. मी आजीच्या खोलीला बाहेरून लागते. सकाळी आजी पाणी पाणी म्हणत होती. मग ताटलीने दार वाजवत होती. आता वाजवत नाही."

ती अडखळली.

"आई, कडी तर बाहेर असते ना? मग आजी का थांबली, ते तिला कसं कळणार?"