पुन्हा फाडून द्या

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर गोष्ट भिंतीलाच ऐकू जाईल. लांबण लावत नाही. एका दुपारची, एका कोटाची गोष्ट आहे, आणि ऐकून तुम्ही रिकाम्या हातानं उठणार नाही, एवढा शब्द देतो.

मुलगी दुकानात शिरली आणि रफूगारानं आधी काय केलं, तर गल्ल्यावर हात ठेवला. मुलीचं अर्धं डोकं भादरलेलं, उरलेल्या अर्ध्यावर जांभळे केस. भुवईत कडी, ओठ काळे. जाकिटाच्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत सेफ्टी पिना, आणि त्यातली एकही कशाला काही जोडत नव्हती.

"काका, हा कोट."

काळा लोकरी कोट. हात लावायच्या आधीच त्यानं ओळखला. गेल्याच आठवड्यात तो रफूला आला, तेव्हा त्याची चाळण झालेली होती. आतल्या दुमडीतले धागे काढून, एक उभा एक आडवा विणत, त्यानं भोकं अशी बुजवली होती की उजेडासमोर धरला तरी पत्ता लागू नये. न्यायला आलेल्या बाईंनी कोट उलटसुलट करून पाहिला, "देवाचा हात आहे हो तुमच्या हातावर" म्हणाल्या आणि डोळे पुसले. इतक्या नीटनेटक्या बाई. ही त्यांची कोण?

"काय झालं? उसवला कुठं?"

"नाही ना. तोच तर घोळ आहे. पुन्हा फाडून द्या."

"काय करून देऊ?"

"फाडून. जिथं जिथं भोक होतं तिथं तिथं. होता तस्सा."

रफूगारानं चष्मा कपाळावर चढवला. गिऱ्हाइकांनी आजवर घाई केली होती, हुज्जत घातली होती. फाडायला कुणी सांगितलं नव्हतं. चोरीचा माल ओळखू येऊ नये म्हणून लोक रंग बदलतात, नंबर खोडतात. ही भोकं पाडून घेतेय.

"कोट कुणाचा?"

"मित्राचा."

"मग मित्राला पाठव."

"तो नाही येणार."

"का?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणाशी ठरलंय?"

"तेही नाही सांगायचं."

"वा! आणि मी मुकाट फाडत बसू? अगं, अंगावर एवढ्या पिना मिरवतेस, त्यातली एक घे आणि फाड की."

मुलगी हसली नाही. "करून बघितलं, काका. भोकं सापडतच नाहीत. फारच भारी काम केलंय तुम्ही."

स्तुती खरी होती, पण त्याला लाडीगोडी वाटली. कोट त्यानं हळूच आपल्याकडे ओढून घेतला. तिच्यावरची नजर न काढता फोन उचलला आणि कोट टाकून गेलेल्या त्या बाईंचा नंबर लावला. आता ही धूम ठोकणार, असा त्याचा हिशेब होता. ती स्टुलावर बसली.

रिंग वाजली. एक त्याच्या कानात, आणि एक दाराबाहेर.

बाई पायरीच्या आडोशाला उभ्या होत्या. पर्समध्ये वाजणारा फोन त्यांना बंद करता येईना.

"तिला काही बोलू नका," त्या तिथूनच म्हणाल्या. "मीच पाठवलंय. मी कोणत्या तोंडानं येऊ?"

"बाई, माझ्या कामात काही खोट राहिली का?"

"राहिली नाही, हीच खोट. मुलाला न विचारता रफूला टाकला होता मी. म्हटलं, चारचौघांत बरा दिसेल. त्यानं घातला, आरशात पाहिलं, आणि काढून खुंटीला लावला. म्हणाला, 'आई, हा कुणाचा?' तेव्हापासून अबोला. आज संध्याकाळच्या गाडीनं परगावी कामाला चाललाय. तिकडं हाडं गोठतात. आणि कोट नेत नाही."

"कोपराचं भोक आम्ही पहिल्यांदा स्टेजवर वाजवलं त्या दिवसाचं," मुलगी म्हणाली. "खिशाजवळचं त्यानं मुद्दाम जाळून पाडलं. फाटका नव्हता तो, काका. त्यानं तो तसा घडवला होता."

"घडवला होता म्हणे," रफूगार पुटपुटला. ही पोरगी त्या माउलीला गुंडाळतेय, असं त्याला अजूनही वाटत होतं. पण बाई पायरीवर तशाच उभ्या होत्या, आणि बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

त्यानं ब्लेड घेतलं. डोळ्यांचा उपयोग नव्हता. त्यानं ते मिटून घेतले आणि बोटं कापडावर सोडली. कोपर. खिसा. खांदा. टोक सापडलं की धागा सरसर सुटत होता. स्वतःचं काम त्यानं आजवर कधी उसवलं नव्हतं. "हे?" तो विचारी. मुलगी मान हलवी.

शेवटचं एक राहिलं. होतं, एवढं त्याला आठवत होतं, बोटांना लागेना. मुलीलाही ते ठाऊक नव्हतं. त्याचा संशय पुन्हा वर आला. "मित्राचा कोट ना? मग सांग की कुठं होतं!"

बाई पायरी चढून आत आल्या. कोटाकडे न बघताच त्यांनी डाव्या काखेखाली बोट ठेवलं.

"इथं. हे त्याचं नाही, माझं आहे. हा कोट घालून पहिल्यांदा बाहेर निघाला, तेव्हा मी मागून धरून ओढला होता."

रफूगाराचा हात थांबला. "मग एवढं बुजलेलंच राहू दे ना, बाई."

"नको. उघडा," बाई म्हणाल्या. "ते नसलं तर तो ओळखायचा नाही."

आता उठा. आणि रात्री हात जोडाल तेव्हा आपल्या लेकरांसाठी मागून झालं, की त्या बाईंची आठवण ठेवा. एक मागणं त्यांच्यासाठीही मागा.